कोकिळेचा काटकसरीचा सल्ला

माणसाने कुऱ्हाड घडवली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सगळ्या पक्ष्यांनी वर्षभर आणून दिलेल्या काड्यांचा ढीग वडाखाली जमला होता. त्यांचं काय करायचं, यावर सभा भरली.

चिमणी म्हणाली, "माझी अंडी उघड्यावर आहेत. बेघरांना घरटी बांधून द्या."

मोर म्हणाला, "आधी ओढ्यावर पूल. पुलाशिवाय रान पुढारलेलं दिसत नाही."

"पण आपण उडतो की," चिमणी म्हणाली.

कोकिळा गोड गळ्याने बोलली, "घरट्यांवर काड्या उधळू नका. आमच्या सात पिढ्यांत कुणी घरटं बांधलं नाही, तरी पोरं धष्टपुष्ट आहेत. जरा स्वावलंबन शिका."

सभेने माना डोलावल्या. पूल मंजूर झाला.

कावळीण तेवढी सभेला आली नव्हती. ती घरट्यात कोकिळेची पिल्लं आपलीच समजून भरवत होती.