जिभेवरचं मीठ

अहो, उठा, उठा! बसायचं तर बसा, फोटो काढायचे तर शंभर काढा, पण या कातळावर पाठ टेकायची नाही. म्हातारा खेकसतो असं वाटलं तर वाटू दे. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. कातळ गुळगुळीत आहे, मधोमध माणूस मावेल एवढा खोलगट आहे, खाडीवरून वारा येतो. दमलेल्याला मोह होणारच. आमच्या गावचं माणूस मात्र इथं आडवं होत नाही. याला आंबीचा कातळ म्हणतात.

खाली ते चौकोन दिसतात ना, आता नुसता चिखल झालाय, ती आमची मिठागरं. पूर्वी सगळं गाव त्यावर जगायचं. वैशाखात त्या पांढऱ्या मिठावर ऊन पडलं की डोळे दिपायचे. माणूस फावडं ओढता ओढता उभ्या उभ्या पेंगायचा आणि त्याला कायबाय दिसायचं. कोणाला मेलेला बाप बांधावरून येताना दिसे, कोणाला गोड्या पाण्याची विहीर दिसे, आणि तो खुळ्यागत तिकडं चालू लागे, तो थेट खाडीच्या चिखलात. म्हणून जुन्या लोकांनी एक युक्ती काढली होती. पदराला, नाहीतर कमरेला मिठाचा खडा बांधलेला असायचा. शंका आली की तो जिभेवर ठेवायचा. खारट लागला तर जागे आहात. नाही लागला तर स्वप्न आहे, सांभाळा. डोळे फसतात, कान फसतात, जीभ फसत नाही, असं पोरांना लहानपणीच शिकवायचे म्हणे. हसा तुम्ही. पण त्या खड्यानं माणसं वाचवली आहेत.

त्या काळात हाल्या आणि आंबी हे नवराबायको इथं मीठ पिकवायचे. त्यांची मुलगी कमळी, सात-आठ वर्षांची, आणि पाठीवरचं एक दुधपितं पोर. कमळी भारी बडबडी होती असं सांगतात. बापाला भाकर घेऊन यायची आणि बांधावर बसून सगळ्या आगराला गप्पा ऐकवायची. एका अमावास्येला उधाण आलं आणि भर दुपारी बांध फुटला. मोठी माणसं धावून सुटली. कमळी ज्या जागी बसली होती तिथंच बांध गेला होता. ओहोटीला ती सापडली.

लहान पोराला पुरतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात, ही रीत तुम्हालाही ठाऊक असेल. ते मीठ आंबीनंच घातलं. बायका धरत होत्या, पण तिनं कोणाचं ऐकलं नाही. ती जागा या कातळाच्या मागंच आहे.

त्या दिवसापासून आंबीच्या तोंडची चव गेली. कालवणात मीठ घालायची, चाखायची, परत घालायची. हाल्या समोर बसून निमूट खायचा. एकदा शेजारीण त्यांच्याकडचं कालवण घेऊन गेली आणि पहिल्याच घासाला थुंकली. "अगं बाय, हे काय खाता तुम्ही?" असं म्हणाली. तेव्हा आंबीनं पदरातला खडा काढून जिभेवर ठेवला. काहीच लागलं नाही. वाळूचा दाणा ठेवावा तसं झालं.

आता तुमच्या-आमच्यासारख्याला वाटेल, दुःखानं जीभ मेली, दुसरं काय! पण आंबी मिठागरात वाढलेली. तिला लहानपणापासून एकच अर्थ माहीत होता.

त्याच दुपारी ती पोरीच्या जागेपाशी आली, या कातळावर बसली आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात ती घरी होती. हाल्या जाळं विणत होता, तान्हं पाळण्यात होतं, आणि कमळी तिच्यापुढं पाठ करून बसली होती, केस विंचरून घ्यायला. तोंडाचा पट्टा चालूच. आंबीला घाम फुटला. तिनं पदराची गाठ सोडली, खडा काढला, जिभेवर ठेवला. इतका खारट, की डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

"आये, रडतेस कशाला?" कमळीनं विचारलं.

"वाईट सपान पडलं होतं गं. तू गेलीस म्हणून."

"मग आता जागी झालीस ना," पोर म्हणाली, आणि पुन्हा पाठ करून बसली.

झालं! त्यानंतर आंबी रोज कातळावर येऊन निजू लागली. स्वप्न कातळावरच पडायचं, घरी नाही. रोज ती तिथं खडा चाखायची, खारट. इथं उठून चाखायची, अळणी. हाल्यानं एकदा विनवलं, "बाळ दुधासाठी रडतंय, आंबी. घरी चल." तर ती शांतपणे म्हणाली, "तिथं पाजूनच आले त्याला."

"आणि मी? मी कोण मग?"

"तिथं तूपण आहेस. तिथं तू हसतोस."

हाल्याच्या काळजाचं पाणी झालं. तो गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडं गेला, गोमा नाव त्याचं. म्हणाला, काका, तुम्ही समजवा तिला. गोमानं डोकं धरलं. "काय समजावू? जीभ फसत नाही हे मीच शिकवलं तिला. आता कोणत्या तोंडानं सांगू, की फसते? आणि तिची फसते तर आपली कशावरून नाही?" तरी तो चार माणसं घेऊन कातळावर आला. हाल्या आला, पोराला काखेत घेऊन.

आंबीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग तिनं पदरातला खडा काढून हाल्याच्या जिभेवर ठेवला. "पोराच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग. खारट लागतं तुला?"

सगळे हाल्याच्या तोंडाकडं बघत राहिले. हाल्यानं पोराच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाला, "लागतं. खारट आहे, आंबी. मीठ आहे ते, खरंखुरं मीठ."

आंबीनं पदराची गाठ परत मारली. म्हणाली, "मग तू इथला आहेस. मी एकटीच इथली नाही." तिनं तान्ह्याचा मुका घेतला. देवीला हात जोडले आणि बोलली, "ज्या बाजूला माझी जीभ जागी, त्या बाजूला मला राहू दे. परत पाठवू नको." आणि ती निजली.

ती पुन्हा उठली नाही. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, पोर आणून छातीशी धरलं. श्वास चालू होता, ओठ हलत होते, कोणाशी तरी बोलल्यासारखे. काही दिवसांनी श्वासही थांबला. तिच्या अंगानं कातळाला हा खोलगट आकार आला, असं सांगतात. मी काही शपथ घेत नाही.

बाराव्याला हाल्याला पानावर बसवलं. वाढणारी बाई सहज म्हणाली, "मीठ पाहिजे का रे?" तर हाल्यानं हातातला घास पानावर ठेवला. म्हणाला, "मला कसं कळणार? पोर गेली त्या दिवसापासून मला कशाचीच चव लागत नाही."

गोमा म्हणाला, "अरे, तू तर पोराच्या डोक्यावर हात ठेवून..."

"खोटं बोललो! खारट म्हटलं तर तिला हे जग खरं वाटेल असं वाटलं मला. नाही लागत म्हटलं असतं, तर दोघांचंही सारखंच आहे हे तिला कळलं असतं. ती उठून घरी आली असती. मीच तिला एकटी पाडली." आणि तो भरल्या पानावर कोसळला. त्याला धरायला उठलेली म्हातारी विधवा रडत रडत म्हणाली म्हणे, की माझा नवरा गेला तेव्हा मलाही नव्हतं लागत रे. मग आणखी कोणीतरी तेच म्हणालं. निम्मी पंगत. गोमासुद्धा. इतकी वर्षं जो तो आपलं तोंड मिटून बसला होता.

हाल्या पोरासाठी जगला. आमची निम्मी आळी त्या पोराचीच. पण तो पुढं कधी हसला नाही. आणि आंबीचं चुकलं असं आमच्यात कोणी बोलत नाही. बोलणार कशाच्या आधारावर? खात्री करायची तर इथं निजावं लागेल, आणि निजलेला काही सांगायला येत नाही.

आजही आमच्याकडं कोणाचं माणूस गेलं, की माती देऊन आल्यावर, ज्याच्या घरी आधी असं दुःख झालंय तो येतो आणि मागं राहिलेल्याच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवतो. लागतं का, विचारतो. तिथं खोटं बोलायचं नाही. नाही लागत म्हटलं, की आलेल्यानं म्हणायचं, "मलाही लागलं नव्हतं." बस. पुढं लागेल, होईल हळूहळू, असलं काही म्हणायचं नाही. ते कोणाला माहीत असतं?

माझी बायको गेली तेव्हा समोरची येसूबाय आली होती. तिचा तरणाताठा मुलगा गेलेला. तिनं खडा ठेवला, विचारलं, मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मलाही नव्हतं. दोघं ओट्यावर बसून राहिलो. त्याला तीन पावसाळे झाले. मी रोज सकाळी एक खडा ठेवून बघतो. आज तुमची गाडी आली त्याच्या आधीच बघितला.

नाही लागला.