मठाची म्हैस

“...मग मंद डोक्यावर औषधच नाही का, बुवा?”

चिंतामण वैतागला होता. काशीहून शिकून आलेला, मठाच्या पाठशाळेचा पंतोजी. आपण मनावर घेतलं तर दगडही बोलेल, अशी त्याची खात्री. पण त्याच्या वर्गातली ठकी काही बोलत नव्हती.

“ब्राह्मीची पानं वाटून दिली. वेगळं बसवून शिकवलं. आज पाठ केलेलं उद्या साफ पुसलं जातं. आता मी तिला घरी पाठवतो.”

मठाचे प्रमुख भिवाबुवा यांनी ठकीला हाक मारली. काडीसारखी पोर. समोर येऊन बसली, पण डोळे फाटकाकडे.

“काय बघतेस गं?”

“आईची मोळी इकली का, ते.”

“आणि नाही विकली तर?”

“मग धाकला रडतो. त्याला म्या गप करते.”



बुवा उठले, गोठ्यात गेले आणि मठाच्या दुभत्या म्हशीचं दावं सोडून ठकीच्या हातात दिलं.

“आईला म्हणावं, ही आता तुमची. आणि उद्या शाळेला ये.”

चिंतामण बघतच राहिला.

“बुवा, देवाच्या नैवेद्याचं दूध होतं ते.”

“देवाला गूळ चालतो.”

“मी औषध विचारलं होतं.”

“ऐकलं मी.”

पुढचे कित्येक दिवस चिंतामणचं तोंड एवढंसं होतं. मठात आता एकच गाय उरली होती; तिचं दूध जेमतेम त्याच्या रात्रीच्या पेल्यापुरतं, सकाळी नुसता काढा. पण बुवांचा शब्द, म्हणून त्याने ठकीला वर्गात ठेवलं.

तिकडे येसूने, म्हणजे ठकीच्या आईने, हलवायाकडे दुधाचा रतीब सुरू केला. पोरांच्या पोटात दूध जाऊ लागलं. अंधारात उठून रानात धावणं थांबलं. संध्याकाळी दोघांना मांडीशी घेऊन गोष्टी सांगायला तिला सवड मिळू लागली.

आंब्याला मोहर आला, तेव्हा एक दिवस ठकीने पाढा घडाघडा म्हटला.

“आता उलटा म्हणू?” तिने विचारलं. आणि म्हटला. मग म्हणाली, “पंतोजी, तुमी म्हणा की उलटा.”

चिंतामण म्हणू लागला आणि मधेच अडखळला. सारा वर्ग खिदळला. चिंतामण इतका हसला की उपरणं खांद्यावरून खाली पडलं. ते तसंच टाकून तो बुवांकडे धावत आला.

“बुवा, पोरीने मला पाढ्यात अडवलं. आणि खरं सांगतो, मी नवीन काहीच शिकवलेलं नाही.”

“बरं.”

“मग तिची बुद्धी आधीपासून होती, की आत्ता वाढली?”

“तुला काय वाटतं?”

“कळत नाही...” चिंतामणने डोळे पुसले. “पण इतका आनंद मला काशीतही झाला नव्हता.”

बुवा नुसते मान डोलवत राहिले.

“आता वर्गात तो बुरूडआळीतला परसू तेवढा जड राहिलाय. त्याला काही केल्या...”

चिंतामण बोलता बोलता थांबला. गोठ्यात गाय शांतपणे रवंथ करत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बुवांकडे पाहिलं...

बुवा मिशीत हसले.

“या खेपेला दावं तू सोड. मला हल्ली वाकवत नाही.”