समोर बसलेल्या लेखिकेचा हेतू

मंगळवार, सकाळचे अकरा. विद्यापीठाच्या सभागृहात मृण्मयी खांडेपारकरची पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा सुरू होती. विषय ताओ पंथाचा एक प्राचीन चिनी ग्रंथ. तो राजांसाठी लिहिला की संन्याशांसाठी, यावर तज्ज्ञांतच जुंपलेली, त्यामुळे श्रोते पार गोंधळलेले.

मृण्मयीनेच आणवलेला सामोसा हातात धरून परीक्षक डॉ. हर्डीकर गरजले, "ग्रंथकाराचा हेतू मला ठाऊक आहे. ग्रंथ संन्याशांसाठी आहे म्हणून तुम्ही त्याला पळपुटा ठरवलंय!"

"नाही सर, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं तुम्हाला!"

"सर, मी समोर बसून सांगतेय, तरी माझा हेतू तुम्हाला कळेना. मग अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या चिनी माणसाचा कसा कळला?"

सभागृह हसलं. प्रबंध मात्र 'हेतू अस्पष्ट' या शेऱ्यानिशी नापास झाला. कोणाचा हेतू, हे विद्यापीठाने अजून सांगितलेलं नाही.