वाटीभर अंदाज

प्राणीही चुली मांडत, त्या काळची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीत भुरी नावाची लाजरी सशीण आईबरोबर राहायची. एकदा आईचा पाय मुरगळला आणि त्यांची चूल थंड पडली. शेजारची खारमावशी रोज ताट आणून द्यायची, पण देताना म्हणायची, "एवढी घोडी झालीस, साधं पिठलं येत नाही?" भुरी मान खाली घालून ताट घ्यायची. आईच्या घशाखाली मात्र तो घास उतरत नसे.

शेवटी भुरीने स्वतःच चूल पेटवली. "आई, मीठ किती घालू?"

"अंदाजाने घाल," आई पडल्या पडल्या म्हणाली.

भुरीने सगळे डबे उघडले, पण अंदाज कुठेच सापडेना. मग ती वाटी घेऊन शेजारी गेली. "मावशी, वाटीभर अंदाज द्या ना. आमच्याकडचा संपलाय."

खारमावशी हसता हसता फांदीवरून पडायचीच राहिली. "अगं वेडे, तो उसना मिळत नाही. चारदा चुकलं की आपोआप हाताला येतो."

भुरीचे कान लाल झाले. तरी घरी येऊन तिने पीठ कालवलं. पहिलं पिठलं इतकं खारट झालं की मायलेकी पाणीच पीत बसल्या. दुसऱ्यात गुठळ्या झाल्या. पुढच्या वेळी तिने मीठ चिमटीत घेतलं, क्षणभर थांबली आणि त्यातलं थोडं परत डब्यात टाकलं. त्या दिवशी आईने वाटी चाटून पुन्हा पुढे केली.

तेवढ्यात ताट घेऊन खारमावशी दारात आली. "आज काय बिघडवलंस गं?"

भुरीने मान वर केली. "ताट ठेवा खाली, मावशी, आणि बसा. गरम आहे तोवर जेवून घ्या."