दार म्हणालं, तुला नाही विचारलं

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या टेकडीवरच्या घराची आहे. ज्या मुलांना समजायला वेळ लागतो, ती मुलं राजानं तिथं ठेवली होती. पोटभर जेवण, झोके, नवे कपडे. फक्त त्या घराचं दार बोलायचं, बरं का. आत कुणीही जावं. बाहेर पडताना ते विचारायचं, "कुठं जायचं?" ज्याचं त्यानं उत्तर दिलं तरच उघडायचं. आणि या मुलांचं उत्तर जन्मभर दुसरेच देत आलेले. मग काय, आत गेलेलं मूल आतच राहायचं.

तिथं गोजरा होती. सोळा वर्षांची. आई गेल्यावर नातेवाइकांनी तिला नेऊन सोडलं. तिचं भलं होईल म्हणाले. तिला कुणी विचारलं नाही. धाकटा भाऊ केरबा, तोही गप्प बसला. बहिणीला विचारायचं राहून गेलं की मनाला फार लागतं, बरं का.

मग केरबा धावत टेकडीवर गेला. गोजराचा हात धरून दारापाशी आला.

दार म्हणालं, "कुठं जायचं?"

"घरी!" केरबा ओरडला.

"तुला नाही विचारलं."

गोजरानं भावाकडं पाहिलं आणि नुसती हसली. दार तिच्यासाठी बंदच. केरबा एकटाच घरी परतला. केरबा दुसऱ्या दिवशी गेला, तेच झालं. मग त्यानं दाराला लाथ घातली. पाय सुजला त्याचा, दाराला काही झालं नाही.

आता राजानं काय केलं, मुलांना त्यांचे हक्क शिकवायला तानूबाई नावाची बाई पाठवली. तानूबाईनं मुलांकडून पाठ करून घेतलं, "आम्ही माणसं आहोत. आम्हाला विचारल्याशिवाय आमचं काही ठरवायचं नाही." मुलं काय छान म्हणायची! मग तानूबाई म्हणाली, "चला, कारलं खा." सगळ्यांनी कारलं खाल्लं. "उन्हात बसा." बसली. तेव्हा तानूबाईनं कपाळावर हात मारला. तिनं पाठ करून घेतलं होतं, पण नको म्हणायला कधी जागाच दिली नव्हती.

मग तिनं एक दिवस खिरीत मूठभर मीठ घातलं. सगळ्यांनी संपवली. दुसऱ्या दिवशी तिखट घातलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी संपवली. तिसऱ्या दिवशी तिनं रिकाम्या वाट्या वाढल्या आणि गप्प बसून राहिली. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग गोजरानं वाटी सरकवली.

"नको. खीर दे."

तानूबाई रडायलाच लागली. आणि मग बघा गंमत! दिवसभर सगळी मुलं नको, नको. आंघोळ नको, कंगवा नको, तानूबाई नको!

"मी नको? बरं, जाते बाहेर," तानूबाई म्हणाली. "पण आंघोळ चुकायची नाही हं. आधी करायची का जेवल्यावर, ते तुम्ही सांगा."

मग केरबा तिसऱ्यांदा आला. तानूबाई त्याला म्हणाली, "तू तोंड मिटून उभा राहा." त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"कुठं जायचं?" दारानं विचारलं.

गोजरा विचार करत राहिली. सावली पायाजवळून पार भिंतीपर्यंत गेली. मग ती म्हणाली, "नदीवर."

केरबाचे हात सुटले. "अगं ताई, घरी म्हण!"

"नको. नदीवर."

आणि दार उघडलं.

केरबा फुगून तिच्यामागं गेला. गोजरा पाण्यात पाय सोडून बसली आणि हसत राहिली. बाजाराला जाताना रोज तो तिला याच नदीवरून ओढत न्यायचा. चल, उशीर होतोय. तिला इथं बसायचं असायचं, हे एका घरात राहून त्याला कधी कळलं नव्हतं. मग तोही शेजारी बसला. पुष्कळ वेळानं गोजरा म्हणाली, "भूक. घरी."

बाकीची मुलंही एकेक करून बाहेर पडली. कुणी आईकडं गेलं, कुणी मावशीकडं. एक मुलगा म्हणाला, "इथंच." मग तो तिथंच राहिला, पण दार मात्र उघडं राहिलं. सगळी सुखात नांदली. गोजरा आणि केरबाही नांदली. भांडलीही खूप, कारण ती आता रोज काहीतरी नको म्हणायची.

संपली गोष्ट. आता पाय आत घ्या, डोळे मिटा. दिवा घालवू का?

काय म्हणालीस? नको?

बरं. राहू दे.