डोंगराईचा हंडा

एकदा काय झालं, एका गावावर पाऊस रुसला. ए, पाय पोटाशी घे, तुझी बहीण थंडीनं कुडकुडतेय. हं. तर पाऊस रुसला. कणग्या रिकाम्या झाल्या, गुरांची हाडं वर आली. शिवारात नदीकाठचा ज्वारीचा एक तुकडा तेवढा हिरवा राहिला होता. त्याची कणसं भरेपर्यंत गावानं जगायचं कसं?

त्या गावाला एक कारभारीण होती. मंजुळाक्का तिचं नाव. भांडणं मिटवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायची, पाणवठा साफ करायला आधी आपण उतरायची. बोलायला फटकळ, पण आतून लोण्याचा गोळा, बरं का! ती गेली डोंगरावर, डोंगराईदेवीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, माझं गाव उपाशी आहे. मी आता इथून उठायची नाही."

मग देवीनं काय केलं? तिला एक तांब्याचा हंडा दिला. म्हणाली, "यात रोज सकाळी ज्वारीच्या कण्या शिजलेल्या मिळतील. साऱ्या गावाला पुरतील. पण एक अट. गावातलं शेवटचं माणूस जेवलं, की मगच कारभारणीनं जेवायचं."

मंजुळाक्का हसली. "एवढंच ना?" म्हणाली. हंडा डोक्यावर घेतला आणि आली खाली.

मग रोज देवळापुढं पंगत बसायची. आधी पोरं, मग म्हातारी माणसं, मग बाकीची. सगळे उठले की अक्का एका गाडग्यात कण्या घ्यायची आणि थेट शिवारात जायची. का? अरे, तिथं माळ्यावर हौसा होती ना! माळा म्हणजे चार खांबांवरचं उंच मचाण. त्याच्यावर उभी राहून हौसा गोफण फिरवायची, पाखरं हाकलायची. "हाऽऽ हुर्र!" तिची हाळी गावात ऐकू यायची. तिला पंगतीला येऊन कसं चालेल? ती खाली उतरली की पाखरं ज्वारीवर उतरलीच! हौसा जेवली, की मग अक्का घरी यायची आणि हंड्याच्या बुडाची खरवड खायची.

आता गावातली माणसं काही वाईट नव्हती हो. एक दिवस गणोजीबाबा, गावातले सगळ्यांत वडील, डोळे पुसत म्हणाले, "आपली अक्का रोज खरवड खाते आणि आपण ढेकर देतो. लाज नाही वाटत आपल्याला?" सगळ्यांना वाटली. मग काय! पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली. अक्काला म्हणाले, "आज पहिला मान तुमचा."

ती नको म्हणाली. पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा गणोजीबाबांनी हात जोडले. "गावाचा मान मोडू नका." आता म्हाताऱ्या माणसानं हात जोडल्यावर काय करणार बिचारी? बसली पाटावर. कितीतरी दिवसांनी ऊन ऊन कण्या पोटभर जेवली आणि तिथंच खांबाला टेकून तिचा डोळा लागला. दमली होती रे ती. कुणी उठवलं नाही. सगळे जेवले. आणि हौसाचं गाडगं तसंच पालथं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर हंडा कोरडा ठणठणीत!

मग गावानं हंड्याला हळदकुंकू वाहिलं. हंडा गप्प. मग हार घातला, आरती केली. हंडा गप्प. मग एक शहाणा देवीवरच ओरडला, तरी हंडा गप्पच. पोरं रडायला लागली. एका घरानं तर गाव सोडायचं म्हणून बोचकं बांधलं. अक्का मात्र कान देऊन उभी होती. म्हणाली, "आज हाळी का ऐकू येत नाही?"

आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं आई गं! हौसा!"

ती घरोघर फिरली. कुणाच्या कणगीच्या तळाचं, कुणाच्या सुपातलं, मूठ मूठ गोळा केलं आणि त्याच हंड्यात शिजवलं. पोरांना वाढलं, म्हाताऱ्यांना वाढलं, सगळ्यांना घास घास वाढलं. शेवटी गाडगंभर उरलं. ते घेऊन ती धावत शिवारात गेली.

हौसा माळ्यावर बसली होती. गोफण फिरवायचं बळ नव्हतं, हाळी द्यायला आवाज नव्हता. पण टाळ्या वाजवत होती बाई! ज्वारीच्या एकाही कणसाला तिनं चोच लागू दिली नव्हती.

"आठवण झाली का गं माझी?" हौसा म्हणाली.

"चुकले गं," अक्का म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हौसानं रागारागानं चार घास खाल्ले. मग तिचा हात थांबला. तिनं अक्काच्या तोंडाकडं नीट बघितलं. "तू जेवलीस?"

अक्कानं नाही म्हणून मान हलवली. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं हो तिला कधी.

हौसानं मोठा ढेकर दिला. "झालं माझं. आता तू खा, माझ्यासमोर." तो ढेकर खरा की खोटा, ते हौसालाच ठाऊक! अक्का जेवली. आणि तिकडं देवळापुढं हंडा खदखदायला लागला. कण्या अशा वर आल्या, की पोरं नाचायलाच लागली.

मग? मग पाट गेला अडगळीत. दुसऱ्या दिवसापासून हौसाचं गाडगं गणोजीबाबा स्वतः काठी टेकत पोचवायला लागले, आणि परत येताना अक्काच्या दारात थांबून विचारायचे, "अक्का, जेवलीस का?" तिनं हो म्हटल्याशिवाय म्हातारा हलायचा नाही. पुढं कणसं भरली, खळी लागली, कणग्या भरल्या. हौसानं गोफण खुंटीला टांगली आणि सगळे सुखानं राहिले. झाली गोष्ट, मिटा डोळे.

काय गं मुक्ते, अजून जागी? काय म्हणालीस?

मी? नाही गं बाई, माझं व्हायचंय अजून. तुम्ही निजलात की बसणार होते पानावर.

ये, अशी जवळ ये. भरला बघ माझा हंडा. नीज आता, जाते मी जेवायला.