फरशीवरचे आठ डाग

माझा थोरला भाऊ ज्योतीराम गवंडी गेल्या महिन्यात गेला. त्याच्यासारखा गवंडी अख्ख्या मिरजेत नव्हता, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

आम्ही सरपोतदारसाहेबांच्या कंपाउंडची भिंत बांधली, तेव्हा फाटकापासून पोर्चपर्यंतच्या नव्या फरशीवर सिमेंटचे डाग पडले. साहेबांनी दादाची थापीच काढून घेतली.

"ज्याचा डाग, त्याने गुडघ्यावर बसून घासायचा! मगच थापी मिळेल."

मी अंगावर धावलो. दादाने मला मागे ओढलं.

"कबूल, साहेब. पण मग शब्द फिरवायचा नाही."

"सरपोतदारांचा शब्द आहे!"

दादाने ओलं गोणपाट टाकून डाग भिजवले, लाकडी पट्टीने खरवडले, काथ्याने घासले. पोर्चकडे जाणारे आठ डाग मात्र तसेच ठेवले.

"हे कोण घासणार?" साहेब ओरडले.

"आम्ही अनवाणी काम करतो, साहेब. यांत बुटाची नक्षी आहे. ओल्या सिमेंटमधून पाहणी करत कोण हिंडलं? पाय ठेवून बघा."

साहेबांनी बूट ठेवला. तंतोतंत बसला.

दादाने काथ्या पुढे केला. "गुडघ्याखाली गोणपाट घ्या, साहेब. फरशी टोचते."

साहेबांनी आठही डाग घासले. दादाची ती थापी आता मी चालवतो.